खालच्या बाजूची हरणं

आमच्या कचेरीत त्यांना सगळे हरणबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं. पगाराच्या दिवशी ते एकदा पुकारलं जायचं, तेव्हा नवीन माणसं इकडेतिकडे बघायची, ही कोण म्हणून. बाईंना त्याचा राग नव्हता. "गाढवबाई म्हणत नाहीत ना, मग झालं," असं त्या म्हणायच्या.

मी त्याच कचेरीत टायपिस्ट होतो. रस्ते देखभालीची कचेरी, महामार्गाला अगदी खेटून. चार खोल्या, मागे गाड्यांची शेड आणि शेडच्या टोकाला पत्र्याची एक खोली. ती खोली बाईंची. किलोमीटर एक्केचाळीस ते अठ्ठावन्न एवढ्या पट्ट्यात रस्त्यावर मेलेलं जनावर पडलं, की ते उचलायचं, नेऊन पुरायचं, वर चुना टाकायचा, हे त्यांचं काम. त्या पट्ट्यात रस्ता जंगल चिरत गेला होता. वरच्या अंगाला डोंगर आणि दाट झाडी, खालच्या अंगाला गवत, विरळ झाडं आणि एक तळं. हरणं दोन्हीकडे होती आणि त्यांचं येणं-जाणं रस्ता व्हायच्या आधीपासूनचं होतं. रस्ता मधे आला हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

हे काम आधी बाईंच्या नवऱ्याचं. तो खात्याचा छोटा ट्रक चालवायचा. मग त्याने लांबच्या विभागात बदली घेतली. सुरुवातीला दर शनिवारी यायचा, मग महिन्यातून एकदा, मग नुसता फोन, मग तोही नाही. भांडण झालं नव्हतं. बाई म्हणायच्या, "भांडण झालं असतं तर निदान तारीख तरी लक्षात राहिली असती." मुलगी तेव्हा तिसरीत होती. ट्रक शेडमध्ये उभा होता आणि रस्त्यावर जनावरं तशीच कुजत पडत होती. बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी विचारलं, "ट्रक चालवता येतो तुम्हाला?"

"नवऱ्याने दुसरं काय शिकवलंय?" बाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला लागल्या.

पहाटे साडेपाचला त्या निघत. हरणं उजाडताना आणि मावळताना हलतात, त्यामुळे सकाळी जायचं ते संध्याकाळचं आणि पहाटेचं दोन्ही उचलून आणायला. ट्रकच्या मागे हाताने फिरवायचा रहाट होता. दोर बांधायचा, फळी लावायची, रहाट फिरवत जनावर वर ओढायचं. मोठा नर असला की अर्धा तास जायचा. शेजारून गाड्या सुसाट जात. कुणी हॉर्न वाजवायचं, कुणी काच वर करायचं. थांबायचं कुणी नाही.

कामाचा एक फॉर्म होता. तारीख, किलोमीटर आणि शेवटच्या रकान्यात छापलेलं: अडथळा दूर केला. हरीण असो, फुटलेला टायर असो, वादळात पडलेली फांदी असो, सगळ्यांना तेच एक वाक्य. पहिल्याच महिन्यात बाईंनी एक मादी उचलली, तर तिची कास दुधाने ताठ. बाईंनी फॉर्म भरला, मादी पुरली आणि घरी येऊन मुलीला जेवायला वाढलं. वाढता वाढता त्यांच्या डोक्यात उजेड पडला. दूध आहे म्हणजे पिणारं आहे. दुसऱ्या दिवशी त्या खालच्या गवतात दुपारपर्यंत पाडस शोधत फिरल्या. तिसऱ्या दिवशी कावळ्यांनी जागा दाखवली.

मग त्यांनी स्वतःची वही केली. नर की मादी, वय अंदाजे, कास कशी, तोंड कुठल्या बाजूला होतं, म्हणजे वरून खाली चाललं होतं की खालून वर. दूध असलेली मादी मिळाली की त्या दिवशी दुसरं काम नाही, आधी गवत पालथं घालायचं. इतक्या वर्षांत चार पाडसं जिवंत सापडली. ती त्यांनी वनखात्याच्या चौकीवर दिली. पुढे त्यांचं काय झालं हे त्यांना कुणी कळवलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. "वाईट ऐकायला लागलं असतं तर?" एवढंच म्हणायच्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी. कँटीनमध्ये बाई कोपऱ्यातल्या टेबलावर एकट्या जेवत. त्यांना कुणी 'उठा' म्हटलं नव्हतं. पण कुणीतरी कधीतरी नाकाला रुमाल लावला असणार, आणि त्यानंतर त्या आपणहून कोपऱ्यात गेल्या. आम्ही म्हणायचो, बाई जरा एकलकोंड्या आहेत. ते आम्हाला सोयीचं होतं. मीही त्या टेबलावर कधी बसलो नाही. बाकीचे बसले नाहीत म्हणून मी बसलो नाही, आणि बाकीच्यांनाही विचारलं तर ते हेच सांगतील.

मुलगी पुढे शिकली, हुशार निघाली, लांबच्या शहरात नोकरीला लागली, तिथेच लग्न झालं. रविवारी तिचा फोन यायचा. बाई कचेरीच्या व्हरांड्यात येऊन बोलायच्या, कारण पत्र्याच्या खोलीत आवाज तुटायचा.

"आई, अजून तेच काम?"

"तेच."

"सासूबाई विचारत होत्या, आई काय करते. मी म्हटलं रस्ते खात्यात आहे."

"बरोबरच सांगितलंस की."

मग मुलगी म्हणायची, "बरं, ठेवू?"

बाई कामाला लागून दहा वर्षं झाली, तेव्हा रस्ता रुंद झाला. चारच्या सहा मार्गिका झाल्या आणि मधे कमरेइतका उंच काँक्रीटचा दुभाजक आला. पहिल्या वर्षी बाईंच्या वहीत एकसष्ट हरणं. कित्येक तर दुभाजकापाशी सापडली, उडी मारू की नको या विचारात असताना गाडीखाली आलेली. दुसऱ्या वर्षी अडतीस. तिसऱ्या वर्षी एकोणीस. चौथ्या वर्षी सात.

साहेब खूश. वरच्या कचेरीकडून त्यांना शाबासकीचं पत्र आलं, ते मीच फ्रेम करून आणलं. रुंद रस्त्यामुळे अपघात घटले, प्राणी वाचले, असं त्यात होतं. साहेबांनी बाईंना बोलावून सांगितलं, "बघा, तुमचं काम हलकं झालं."

बाई उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "साहेब, मग हरणं गेली कुठे?"

"गेली कुठे म्हणजे? वाचली!"

"वाचली असती तर दिसली असती."

साहेब हसले. "बाई, तुम्हाला मेल्याचंही दुःख आणि जगल्याचंही दुःख." खोलीतले सगळे हसले. मी पण हसलो.

बाई मात्र रोज सकाळी ट्रक कडेला लावून साइडपट्टीच्या पलीकडची माती बघत चालायला लागल्या. काय बघतात हे आम्हाला कळायचं नाही. काहीतरी हरवलं असेल, असं आम्ही धरून चाललो.

त्याच वर्षी मास्तर आले. जवळच्या गावातल्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. पन्नाशीचे, उंच, चष्म्याला दोरी बांधलेली आणि बोलताना समोरच्याच्या खांद्याकडे बघायची सवय. त्यांना महामार्ग आणि हरणं यांवर संशोधन करायचं होतं. त्यासाठी एका संशोधन निधीकडे अर्ज करायचा होता आणि अर्जाला आकडे लागत होते. साहेबांनी त्यांच्या हातात एक कागद ठेवला: चार वर्षांत दूर केलेले अडथळे, एकूण इतके इतके. मास्तरांनी विचारलं, "यात हरणं किती?"

साहेब म्हणाले, "यात सगळं आलं."

मास्तर हताश होऊन बाहेर आले, तेव्हा मीच त्यांना हळूच म्हटलं, "मागे पत्र्याच्या खोलीत जा."

ते अकराच्या सुमारास गेले. चार वाजले तरी बाहेर आले नाहीत, म्हणून मी चहा घेऊन बघायला गेलो. मास्तर खोलीतल्या एकुलत्या एका खुर्चीत बसून वह्या वाचत होते. चौदा वह्या होत्या. बाई दाराशी उभ्या होत्या, खोली स्वतःची आणि जणू पाहुण्याही त्याच. नंतर मला म्हणाल्या, "भाऊ, एवढा वेळ माझ्या खोलीत कुणी बसलंच नव्हतं हो. हात कुठे ठेवावेत ते कळेना."

अर्ज टाइप करायचं काम माझ्याकडे आलं. मास्तरांनी मथळा सांगितला: महामार्गाचा हरणांच्या संख्येवर व अधिवासांच्या सलगतेवर होणारा परिणाम. बाईंनी विचारलं, "अधिवासांची सलगता म्हणजे?"

"म्हणजे एका ठिकाणच्या प्राण्यांना दुसऱ्या ठिकाणी जाता येणं, तिथल्यांना इकडे येता येणं."

"म्हणजे येणं-जाणं."

"हो. येणं-जाणं."

"मग तसंच लिहा ना."

"तसं लिहिलं तर पैसे मिळत नाहीत, बाई."

लिहायचं तसं लिहूनही मिळाले नाहीत. तीन महिन्यांनी उत्तर आलं. मृत्यूंचं प्रमाण घटत असल्याने सदर अभ्यासाची निकड दिसून येत नाही. मास्तर बसने ते पत्र घेऊन आले आणि शेडमध्ये उभ्यानेच वाचून दाखवलं. बाईंना मी चिडलेलं कधी पाहिलं नव्हतं, त्या दिवशी पाहिलं.

"घटत असल्याने? अहो, गावात माणसंच उरली नाहीत तर दवाखान्यातली गर्दी घटणारच की! त्याला काय गाव निरोगी झालं म्हणायचं? उंटावरून शेळ्या हाकतात हे लोक. मास्तर, ती रस्त्यावर येतच नाहीत आता. काठापर्यंत येतात, उभी राहतात आणि परत फिरतात. मी रोज बघते."

मास्तरांनी पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. "हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही मेलेल्यांबद्दल विचारलंत."

पुढच्या वर्षी मास्तरांनी पुन्हा अर्ज केला, आणि या खेपेला समितीने त्यांना समोर बोलावलं. त्यांनी बाईंना सोबत घ्यायचं ठरवलं. मी रजा टाकून छापील प्रती सांभाळायला म्हणून गेलो. खरं म्हणजे बघायची हौस होती. बसमध्ये मास्तर पुढे बसले आणि मी बाईंच्या शेजारी. अडीच तास आम्ही मांडीला मांडी लावून बसलो. वास वगैरे काही नव्हता. साबणाचा होता थोडा. मी खिडकीबाहेर बघत राहिलो, कारण पंधरा वर्षांचा हिशेब डोक्यात यायला लागला आणि तो माझ्या बाजूने काही लागेना.

समितीची खोली गार होती. लांब टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली, पाच माणसं. मधे पांढऱ्या केसांच्या अध्यक्षबाई. मास्तर बोलायला लागले आणि नेहमीप्रमाणे समोरच्यांच्या खांद्यांना उद्देशून बोलत राहिले. पाचांपैकी एक रस्त्यांचे इंजिनिअर होते, त्यांनी मधेच अडवलं.

"आकडे तुमचेच आहेत. एकसष्टवरून सातवर. आम्ही कशाचा अभ्यास करायला पैसे द्यायचे? सुटत आलेल्या प्रश्नाचा?"

मास्तरांनी बाईंकडे बघितलं. बाई उठल्या.

"मी रस्ते खात्यात आहे. मेलेली जनावरं उचलते," त्यांनी सुरुवात केली. खोलीत कुणीतरी खुर्ची सरकवली. "आता सातच उचलावी लागतात. पण मातीत खूर रोज दिसतात. रस्त्याच्या दिशेने येतात, खडी सुरू होते तिथे थांबतात आणि मागे जातात. दुभाजक झाल्यापासून हे चाललंय. वरची वर, खालची खाली."

"तुमचं शिक्षण?" इंजिनिअरसाहेबांनी विचारलं.

"सातवी."

"मग थांबलं आणि वळलं, हे तुम्हाला नुसत्या खुणेवरून कसं कळतं?"

बाईंनी खोलीत इकडेतिकडे बघितलं. कोपऱ्यात मोठ्या कुंडीत एक शोभेचं झाड होतं, नुकतंच पाणी घातलेलं. बाई तिथे गेल्या आणि खाली बसल्या. "इकडे या, लांबून दिसायचं नाही," त्या म्हणाल्या, अगदी कामावर एखाद्या मजुराला हाक मारावी तशा. क्षणभर कुणी हललं नाही. मग अध्यक्षबाई उठल्या, आणि त्या उठल्या म्हणून बाकीचे उठले.

बाईंनी दोन बोटं जुळवून ओल्या मातीत टेकवली. "हे चालताना. दोन्ही पाकळ्या जवळ, खोली सारखी." मग बोटं फाकवून पुढच्या टोकाने दाबली. "हे थबकलं. अंग पुढे आलं, खूर फाकला, टोक रुतलं." मग मनगट फिरवलं, तशी कडेला मातीची एक बारीक वळी उठली. "आणि हे वळलं. ही वळी मागे फिरल्याशिवाय उठत नाही. एकाच जागी अशा दहा-दहा वळ्या सापडतात मला. म्हणजे दहा वेळा येऊन बघितलं, जाता येतंय का. ती कळपातली जनावरं आहेत, साहेब. पलीकडे आपलं कुणीतरी आहे, हे त्यांना माहीत असतं."

पाच शिकलेली माणसं एका कुंडीभोवती वाकून उभी होती. इंजिनिअरसाहेबांनी स्वतःची दोन बोटं मातीत घालून बघितली. बोटं पुसायलाही विसरले.

निधी मंजूर झाला. मागितला त्याच्या निम्मा, तीन वर्षांसाठी. 'स्थानिक माहितगार' म्हणून बाईंचं नाव अर्जात होतं. छापील कागदावर त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच टाइप केलं, आणि खरं सांगतो, हजेरीपट काढून अक्षरं ताडून बघावी लागली.

साहेबांना हे रुचलं नाही. त्यांच्या शाबासकीच्या पत्रावर पाणी पडत होतं. उघड काही म्हणता येईना, म्हणून त्यांनी हुकूम काढला: उचलायचं काम कमी झाल्याने बाईंनी उरलेल्या वेळात किलोमीटरचे दगड रंगवावेत. साहेबांना वाटलं शिक्षा झाली. बाईंना रंगाचा डबा घेऊन दिवसभर रस्त्याकडेला चालायची सरकारी परवानगी मिळाली. एक्केचाळीस ते अठ्ठावन्न इतके पांढरेशुभ्र दगड त्या महामार्गावर दुसरीकडे कुठे नव्हते.

दर गुरुवारी मास्तर यायचे. दोघं मिळून दोन्ही बाजूंच्या लेंड्या कागदी पाकिटांत गोळा करायचे, रस्त्याखालच्या मोऱ्यांमध्ये लावलेले कॅमेरे तपासायचे, ठरलेल्या वाटांनी चालून हरणं मोजायचे. एका दिवशी काहीच दिसलं नाही, तेव्हा बाईंनी पान कोरं सोडलं. मास्तर म्हणाले, "शून्य लिहा. काही न दिसणं हीसुद्धा माहिती असते." बाईंना ते फार आवडलं. मला येऊन सांगितलं, "भाऊ, काही नाही हेसुद्धा लिहून ठेवायचं असतं म्हणे."

दुपारी एका झाडाखाली दोघं डबा खात. मास्तर घरचं बोलायचे, बायकोची गुडघेदुखी, मुलाच्या परीक्षा. बाई ऐकायच्या. त्यांच्याकडे सांगण्यासारखं फारसं नव्हतं, आणि मास्तरही विचारत नसत. माणूस भला, पण हरणांपलीकडे त्यांना प्रश्न सुचत नसत. तरी बाई गुरुवारी केस नीट विंचरून यायच्या. आमच्या कचेरीतल्या जिभांना हाड नव्हतंच. कुणी काय काय बोललं ते मी इथे लिहीत नाही. बाईंना ते कळलं असणार. पण केस विंचरायचं त्यांनी सोडलं नाही.

तीन वर्षांत जे निघालं ते असं. खालच्या बाजूला पहिल्या वर्षी चौतीस हरणं होती, दुसऱ्या वर्षी बावीस, तिसऱ्या वर्षी नऊ. लेंड्यांच्या जनुकीय तपासणीत दिसलं, की खालची सगळी एकमेकांच्या जवळच्या नात्यातली. "म्हणजे सगळी मामे-आत्ते भावंडं," बाई म्हणाल्या. मास्तर म्हणाले, "त्याहून वाईट." वरून नवा नर खाली येत नव्हता, जन्मलेली पाडसं अशक्त निघत होती आणि एखाद्या वर्षी तळं आटलं तर वर जायला वाट नव्हती. मोऱ्या अरुंद होत्या, आत अंधार आणि पाण्याचा आवाज. चारशे दिवसांत कॅमेऱ्यापुढून फक्त एक मादी गेली, तीही अर्ध्यातून परत फिरली.

अहवाल गेला. निधी संपला. गुरुवारही संपले. मास्तर दुसऱ्या राज्यातल्या दुसऱ्या महामार्गावर अभ्यास करायला गेले. शेवटच्या दिवशी त्यांनी बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "तुमच्याशिवाय हे झालं नसतं." बाई म्हणाल्या, "झालं कुठे अजून?"

मुलीचे फोन चालूच होते. "आई, आता इकडे ये ना. एवढी खोली रिकामी आहे. आणि तिथे कोण आहे तुझं?"

"मोजणी राहिलीय."

"पण तुला आता मोजायला सांगितलंय कुणी?"

एकदा बाई गेल्याही, महिनाभर राहीन म्हणून. एकोणिसाव्या दिवशी परत आल्या. "लेकीने काही कमी केलं नाही," म्हणाल्या. "सकाळी साडेपाचला उठून करायचं काय तिथे? गॅलरीत उभी राहायचे. समोर भिंत."

अहवालानंतर दोन वर्षांनी, भर थंडीत, एके सकाळी बाई माझ्या टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या. खालच्या बाजूला शेवटी एक म्हातारी मादी उरली होती, फाटक्या कानाची, हे त्यांनी मला कधीतरी सांगितलं होतं. म्हणाल्या, "भाऊ, पंचवीस दिवस झाले. फाटका कान दिसला नाही. खालची संपली."

मी टाइप करता करता "अरेरे" म्हणालो. साहेबांचं पत्र तातडीचं होतं. बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि गेल्या. त्या पत्रात काय होतं ते आज मला आठवत नाही.

पुढच्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. कचेरीने एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. बाईंनी खालच्या बाजूला, तळ्याजवळच्या वस्तीत एक खोली भाड्याने घेतली. सगळ्यांना वाटलं डोकं फिरलं. हरणं होती तेव्हा वर, कचेरीच्या बाजूला राहायच्या आणि आता एक उरलं नाही तर खाली जाऊन बसल्या.

आणि मग, जेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं, तेव्हा पूल मंजूर झाला. गाड्यांसाठी नाही, जनावरांसाठी. सत्तेचाळिसाव्या किलोमीटरला महामार्गावरून जाणारा रुंद पूल, वर दोन हात माती, झुडपं आणि गवत. अहवालातला नकाशा जसाच्या तसा उचलला होता. उद्घाटनाला मांडव पडला. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. नव्या साहेबांनी भाषणात विज्ञानाचे आणि शासनाचे आभार मानले. मास्तरांना बोलावणं गेलं होतं, पण त्यांच्या बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं. संध्याकाळी त्यांनी बाईंना फोन केला.

"आलं का कुणी?"

"पुष्कळ आली. सगळी माणसंच होती."

"हरणांना वेळ लागेल, बाई. माती नवीन आहे."

"मला कुठे घाई आहे?" बाई म्हणाल्या.

मी निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्याकडे गेलो. पूल होऊन चौदा महिने झाले होते. का गेलो ते नीट सांगता येणार नाही. बाईंनी चहा केला. खोलीत आता दोन खुर्च्या होत्या. भिंतीवर कचेरीचं घड्याळ होतं, बंद पडलेलं. त्यांनी मला वहीची पानं दाखवली. शून्य, शून्य, शून्य, तारखेवार, सुवाच्य अक्षरात.

"ही नको बघू," त्या म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच एकेरी हाक मारली होती. "उन्हं उतरली की तळ्यावर जाऊ."

आम्ही गेलो. गवत कमरेइतकं वाढलेलं, खाणारं कुणी नसल्यामुळे. बाईंनी मला हाताने खाली बसवलं. बराच वेळ काही झालं नाही. मग झाडीतून एक नर बाहेर आला. तरणाबांड, शिंगं नुकती पुरी झालेली. तीन आठवड्यांपूर्वी पुलावरून उतरला होता, बाईंनी त्याचा माग लावला होता. तो पाणी प्यायला. मग मान वर करून ओरडला, एकदाच, लांब. आणि कान उभे करून ऐकत राहिला.

तळ्यावरून कसलाच आवाज आला नाही. वर लांब कुठे गाड्यांची घरघर होती तेवढी.

तो पुन्हा ओरडला. पुन्हा थांबला.

"रोज येतो," बाई हळूच म्हणाल्या. "इथे सगळ्यांच्या जुन्या वाटा आहेत ना, वास असेल अजून. त्याला वाटतं असतील."

"परत का जात नाही मग?"

"जाईल कदाचित. किंवा कुणी येईल." त्यांनी शालीचं टोक घट्ट ओढून घेतलं. "आता वाट तरी आहे. दोन्ही होऊ शकतं."

मी त्यांच्याकडे बघितलं. मला त्यांची माफी मागायची होती, कँटीनची, त्या "अरेरे"ची, पण शब्द जुळेनात, आणि जुळले असते तर त्या म्हणाल्या असत्या, मी मागितलीय का. म्हणून मी नुसता बसून राहिलो. अंधार पडेपर्यंत आम्ही तिघं तिथे होतो.

पुढच्या पावसाळ्यानंतर त्यांचा फोन आला. पुलावरून दोन माद्या उतरल्या होत्या आणि परत गेल्या नव्हत्या. बाईंनी हे तीन वाक्यांत सांगितलं. मास्तरांना कळवलं का, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, कालच कळवलं, फार खूश झाले, मग वर्गावर जायचं होतं त्यांना.

"आणि तुमचं कसं चाललंय?" मी विचारलं.

"माझं?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न आपल्यालाच आहे ना, याची खात्री करून घेत असाव्यात.

"चाललंय," त्या म्हणाल्या. "ये की एकदा. थंडी पडायच्या आत ये."